दहा-दोनशेपन्नास कुठे आहे?

मंडळी, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या वेळापत्रकात वर्गापुढे नुसता आकडा छापलेला असतो. 10-250. इमारत 10, दुसरा मजला, खोली 50. त्यांचा दुसरा मजला म्हणजे आपला पहिला, त्यामुळे इथून गेलेली मुलं पहिला जिना चुकतात, ते सोडा. या आकड्यात दिशासुद्धा आहे. चार्ल्स नदीच्या बाजूला उभं राहून मुख्य इमारतीच्या घुमटाकडे तोंड केलं की समोर इमारत 10. तिच्या डावीकडच्या जुन्या इमारतींना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम. पुढे विस्तार झाला तेव्हा पूर्वेला ई, पश्चिमेला डब्ल्यू आणि रेल्वेरुळांपलीकडे उत्तरेला एन ही अक्षरं लागली. म्हणजे पाटी दिसायच्या आधीच पत्ता तुम्हाला निम्म्या वाटेवर आणून सोडतो.

पण किल्ली ज्याला कुणी सांगितली त्यालाच ती लागते! नवख्याला ते कुलूपच. माझा आक्षेप इथे आहे. आपण पाट्या लावतो त्या रोज येणाऱ्यांना विचारून, आणि त्यांना तर पाटीची गरजच नसते.

1916 साली संस्था बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला आली तेव्हा बॉसवर्थ या वास्तुकाराने मुख्य इमारती एकमेकींना जोडूनच बांधल्या. त्यांच्या पोटातून सुमारे 251 मीटरचा सरळ बोळ जातो, इन्फिनिट कॉरिडॉर. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळता सूर्य त्याच्या थेट रेषेत येतो आणि मुलं बघायला गर्दी करतात. पवईच्या आयआयटीतल्या लांब बोळालाही मुलांनी हेच नाव दिलंय. सरळ रेषेत कोण हरवणार, असं वाटतं. पण 7, 3, 10, 4, 8 या क्रमाने इमारती बदलत जातात आणि चालणाऱ्याला ते सहज जाणवत नाही. पाटी हवी ती या सांध्यांवर, जिथे वळायचं की पुढे जायचं हे ठरवावं लागतं. मधल्या भिंतीवर कितीही रंगकाम करा, वाट सापडायला त्याचा उपयोग थोडाच.

याच संस्थेत शिकवणाऱ्या केविन लिंच यांनी 1960 साली बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना विचारून दाखवलं, की माणूस शहर लक्षात ठेवतो ते वाटा, कडा, भाग, चौक आणि ठळक खुणा यांनी. वास्तुकार फ्रँक गेरी यांचं इथलंच 2004 मधलं स्टाटा सेंटर, म्हणजे इमारत 32, खूण म्हणून झकास आहे. तिरक्या भिंती लांबून ओळखू येतात. आत मात्र त्याच तिरकेपणामुळे दिशा सुटते, आणि मग सगळा भार पाट्यांवर पडतो. वास्तूने घातलेला गोंधळ पाटीने निस्तरायचा, हे मला पटत नाही.

अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमांनुसार खोलीची उठावाची, ब्रेल असलेली पाटी दारावर नाही, दाराशेजारी कडीच्या बाजूला लावतात. अक्षरं जमिनीपासून 48 ते 60 इंचांच्या पट्ट्यात. कारण साधं आहे. बोटांनी वाचणारा माणूस दारासमोर उभा असताना ते आतून उघडलं तर?

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. देवनागरीला वर-खाली मात्रा, उकार लागतात. इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत मराठी ओळ कोंबली की ती बारीक होते. तेव्हा पाटीची उंची मराठी ओळीवरून ठरवा, इंग्रजी त्यात आपोआप मावते.