जाक देमी: ज्याच्या सिनेमात गॅरेजमधलं बोलणंही गायलं जातं

[पडद्यावर: वरून दिसणारा पाऊस, छत्र्या]

एक गॅरेज. गिऱ्हाईक विचारतं, झालं का काम? तरुण मेकॅनिक सांगतो, हो, इंजिन थंड असताना अजून थोडं वाजतंय, पण तेवढं चालायचंच. रोजचंच बोलणं. पण दोघंही ते गाऊन बोलतात, आणि पुढच्या दीड तासात एकही वाक्य साधं बोललं जात नाही.

हा सिनेमा म्हणजे १९६४ सालचा 'शेरबूरच्या छत्र्या'. त्याच वर्षी त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक जाक देमी, जन्म १९३१, वाढला फ्रान्समधल्या नांत शहरात. वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे इंजिनाची भाषा त्याला बाहेरून आणावी लागली नाही.

संगीत नाटकात गद्य थांबतं आणि पद सुरू होतं. इथे ती सीमाच नाही. गद्यच गायलं जातं. पोरीला ताप आलाय, दुकानाचे पैसे थकलेत, युद्धावर जायचा कागद आलाय, सगळं सुरात.

हे शूट कसं केलं, ते नीट समजून घेऊ. पार्श्वगायन आपल्याला नवीन नाही. गाणं आधी रेकॉर्ड होतं, सेटवर ते वाजतं आणि नट ओठ हलवतात. देमी आणि संगीतकार मिशेल लग्राँ यांनी तीच पद्धत आख्ख्या सिनेमाला लावली. नायिका म्हणून कातरीन दनव पडद्यावर दिसते, आवाज दानिएल लिकारीचा.

यात खरी अडचण वेळेची. एरवी नट एखाद्या वाक्याआधी थांबतो, श्वास घेतो, दिग्दर्शक म्हणतो छान, ठेवा. इथे तो थांबा आधीच टेपवर ठरलेला असतो. दारापासून टेबलापर्यंत जायला संगीतात चार सेकंद असतील, तर चारच. पाचवा लागला की ओठ चुकले. मग खोली किती लांब आणि कॅमेऱ्याची ट्रॉली किती वेगात, हेही संगीतच ठरवतं. आपल्या गाण्यांत ओठ चुकले तर लाँग शॉटवर जाऊन झाकता येतं. इथे क्लोजअपमध्ये संवाद चाललाय, झाकणार कुठे?

ही वाट अडचणीतूनच निघाली असावी. देमीचा पहिला मोठा सिनेमा 'लोला', १९६१. त्याला तो रंगीत संगीतपट करायचा होता. पैसे नव्हते, म्हणून कृष्णधवल, तोही आवाजाशिवाय शूट करून मागाहून डब केलेला. लग्राँबरोबरची जोडी इथेच जमली. 'लोला'मधलं रोलाँ कासार हे पात्र पुढे 'छत्र्यां'मध्ये हिऱ्यांचा व्यापारी होऊन येतो आणि लोलाची आठवण 'लोला'च्याच चालीवर गातो. त्या क्षणी कॅमेरा 'लोला'त दिसलेल्या, नांतच्या पासाज पोमरे या जुन्या छपराच्या बाजारगल्लीत फिरतो. गल्ली रिकामी आहे. म्हणून 'लोला' आधी बघा. नाहीतर हा शॉट नुसताच देखणा वाटून निघून जातो.

रंगांविषयी एक गोष्ट. त्या काळच्या ईस्टमनकलर निगेटिव्हमधले रंग वर्षांगणिक उडतात. देमीने तीन कृष्णधवल प्रती काढून ठेवल्या होत्या, पिवळ्या, निळसर आणि किरमिजी रंगासाठी एकेक. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचं असतं, त्यात उडायला रंगच नसतो. या तीन प्रती पुन्हा जुळवून त्याची पत्नी, दिग्दर्शक आन्येस वार्दा हिने नव्वदीच्या सुरुवातीला मूळ रंग परत मिळवले. दनवचा फ्रॉक आणि मागचा वॉलपेपर एकमेकांत मिसळतात ते आज दिसतं, ते या दूरदृष्टीमुळे.

१९६७ साली 'रोशफोरच्या तरुणी'. इथे बोलणं आहे, गाणं आहे आणि नाच आहे, खऱ्या शहराच्या खऱ्या रस्त्यांवर. त्यासाठी शेकडो खिडक्यांची दारं रंगवली. सुरुवातीला जत्रेवाल्यांच्या गाड्या लोखंडी सांगाड्याला टांगलेल्या फलाटावरून नदी ओलांडतात. माणसं खाली उतरतात, आखडलेले हातपाय ताणतात, आणि त्या ताणण्यातूनच नाच कधी सुरू झाला ते कळत नाही. हॉलिवूडचा नर्तक-नट जीन केली यात आहे. दनवची सख्खी बहीण फ्राँस्वाझ दोर्लेआकही आहे. ती त्याच वर्षी मोटार अपघातात गेली. मुख्य कलाकारांत स्वतःच्या आवाजात गायली ती एकटी दानिएल दारिये.

मधल्या काळातल्या त्याच्या अमेरिकेतल्या आणि परीकथांवरच्या सिनेमांवर आज थांबत नाही. थेट १९८२, 'शहरातली एक खोली'. पुन्हा पूर्ण गायलेला सिनेमा, संगीत मात्र मिशेल कोलाँबिये यांचं. नांतमधला १९५५चा संप. रस्त्याच्या एका बाजूला कामगार, दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि दोन्ही बाजू गातात. धंदा झाला नाही. समीक्षकांनी पदरचे पैसे घालून वर्तमानपत्रात त्याच्या बाजूने जाहिरात दिली. देमीला नुसता गोडगुलाबी म्हणणाऱ्यांनी हा सिनेमा जरूर बघावा. त्या संपकऱ्यांच्या तोंडी एकही गोड ओळ नाही.