डाव तुमचा, सावकाश खेळा

[पडद्यावर: रात्र. रोषणाईत न्हालेलं स्टेडियम, रिकाम्या खुर्च्या.]

23 जुलै 2021, टोकियो. साथीमुळे वर्षभर लांबणीवर पडलेलं ऑलिम्पिक अखेर सुरू होतंय. राष्ट्रीय स्टेडियममध्ये प्रेक्षक नाहीत. आपल्याकडे संध्याकाळच्या चहाची वेळ. टीव्ही लावून आपण मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन कधी येतात याची वाट बघतोय. संचलन सुरू होतं. पहिला संघ ग्रीसचा. त्याच क्षणी तुताऱ्यांची एक धून घुमते. आपल्याला ती जपानच्या लष्करी बँडची वगैरे वाटली असेल. जपानमधल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना मात्र पहिल्या दोन सुरांतच कळलं असणार. ती 'ड्रॅगन क्वेस्ट'ची धून होती. एका व्हिडिओ गेमची.

पाहुण्यांचं स्वागत करायला एखाद्या देशाला गेमचं संगीत का काढावंसं वाटलं, हे समजून घ्यायचं तर आधी एक छोटी काळी चौकट बघावी लागेल.

[पडद्यावर: काळी चौकट, पांढरी कड. चार शब्द. एक बाण लुकलुकतोय.]

लढा. मंत्र. पळा. वस्तू.

समोर राक्षस उभा आहे. तुम्ही यातलं एक निवडेपर्यंत तो हलणार नाही. गॅसवर आधण ठेवा, चहा गाळा, कप घेऊन परत या. राक्षस तिथेच असेल. मग तुमचा डाव, मग त्याचा डाव, मग पुन्हा तुमचा. ज्यांनी लहानपणी कॉम्प्युटरवर एम्युलेटर (गेमयंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून पोकेमॉन खेळलाय, त्यांच्या हाताला ही चौकट ओळखीची आहे. पोकेमॉन हाही जपानी आरपीजीच, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, फक्त आपण त्याला तसं म्हणत नव्हतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत जपानी आरपीजीचा सगळा वाद या चौकटीभोवती फिरतोय. एक बाजू म्हणते, हीच आमची परंपरा. दुसरी म्हणते, चार दशकं झाली, आता तरी सोडा. गंमत अशी की ही चौकट आली तेव्हा परंपरा म्हणून आलीच नव्हती.

[पडद्यावर: फॅमिकॉम. लाल-पांढरा डबा, दोन कंट्रोलर.]

'ड्रॅगन क्वेस्ट' रचणारे युजी होरी मूळचे जपानच्या आवाजी बेटावरचे. मासिकांत लिहायचे, गेमही बनवायचे. अमेरिकेतून आलेले 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे गेम त्यांना भलतेच आवडले होते. पण ते होते कॉम्प्युटरवरचे, कीबोर्डवरचे, सरावलेल्या खेळाडूंचे. होरींना तेच सुख घरातल्या टीव्हीसमोर बसणाऱ्या पोराला द्यायचं होतं. त्या पोराच्या हातात काय? फॅमिकॉमचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेंडोच्या गेमयंत्राचा कंट्रोलर: एक फुली आणि मोजकी बटणं. शब्द टाइप करायची सोय नाही.

यावरचा उपाय होरींनी आधीच करून पाहिला होता. 1983 साली त्यांनी 'पोर्टोपिया' नावाचा खुनाच्या तपासाचा गेम लिहिला होता. कॉम्प्युटरवर त्यात शब्द टाइप करावे लागत. 1985 मध्ये तोच गेम फॅमिकॉमवर आणताना त्यांनी शब्दांची यादीच पडद्यावर मांडली. हवा तो निवडा, बटण दाबा. पुढच्या वर्षी, 27 मे 1986 ला, 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि ती यादी राक्षसासमोर जाऊन उभी राहिली.

त्या पहिल्या कॅसेटमध्ये एकूण जागा होती 64 किलोबाइट. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ प्रभात'चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतो. एवढ्याशा जागेत राज्य, राजकन्या, गुहा, ड्रॅगन आणि संगीतकार कोइची सुगियामांचं संगीत. परकी नावं लिहायला जपानीत काताकाना ही लिपी वापरतात. तिची सगळी अक्षरं मावेनात, म्हणून वीसेक ठेवली आणि राक्षसांची, मंत्रांची नावं तेवढ्यातच बसवली. आपल्या बाराखडीतली अर्धी अक्षरं काढून घ्यावीत आणि मग म्हणावं, आता बारसं करा, तसंच. नायकाची पाठ आणि कुशी काढायलाही जागा नव्हती. त्यामुळे तो सतत आपल्याकडे तोंड करून खेकड्यासारखा आडवा चालतो. आणि जिना उतरायचा तर? यादी उघडायची आणि त्यातून 'जिना' निवडायचा. नुसतं पायरीवर उभं राहून भागत नसे.

खेळ जपून ठेवायची सोयही कॅसेटमध्ये नव्हती. राजाकडे गेलं की तो वीस अक्षरांचा एक मंत्र सांगायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तोच एकेक अक्षर निवडून भरायचा. एक अक्षर चुकलं की आदल्या दिवसाची मेहनत पाण्यात.

यातलं आज काय उरलंय बघा. खेकड्याची चाल गेली. जिन्याची आज्ञा दुसऱ्याच भागात गेली. वहीतला मंत्र गेला. कोणी त्यासाठी रडलं नाही. चौकट मात्र राहिली. म्हणजे अडचणीतून जन्मलेल्या सगळ्याच गोष्टी लोकांनी परंपरा म्हणून सांभाळल्या नाहीत, एकच सांभाळली. माझ्या मते तिच्यात एक गोष्ट होती जी बाकीच्यांत नव्हती. ती तुम्हाला विचार करायला वेळ देत होती.

[पडद्यावर: दुकानाबाहेर रांगा. हिवाळ्यातली पहाट.]

10 फेब्रुवारी 1988. 'ड्रॅगन क्वेस्ट 3' विक्रीला आला तो बुधवारी, कामाच्या दिवशी. टोकियोत दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या जवळजवळ तीनशे मुलांना पोलिसांनी पकडलं. हा गेम फक्त सुटीच्या दिवशीच विकावा असा जपानमध्ये कायदा झाला, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. तसा कायदा कधीच झाला नाही.

तोवर दुसरं घराणंही उभं राहिलं होतं. 'स्क्वेअर' कंपनीतल्या हिरोनोबु साकागुची यांचा 'फायनल फँटसी', डिसेंबर 1987. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ड्रॅगन क्वेस्टचं सगळं तालमीतलं: होरींची गोष्ट, अकिरा तोरियामांची चित्रं, कोइची सुगियामांचं संगीत, तीन माणसं, तीस-पस्तीस वर्षं, तीच बंदिश. फायनल फँटसीचा खाक्या उलटा. दर भागात नवं जग, नवी पात्रं आणि बऱ्याचदा लढाईची नवी पद्धत. 1991 च्या चौथ्या भागात हिरोयुकी इतो यांनी डावांमध्ये चक्क घड्याळ घुसवलं. प्रत्येक पात्राचं काटा भरायचं गणित वेगळं. कोणी लवकर तयार होतो, कोणी उशिरा, आणि तुम्ही यादीत बोट फिरवत बसलात तर राक्षस फटका मारून मोकळा. फॉर्म्युला वन शर्यतीत गाड्या एकमेकींना मागे टाकतात, त्यावरून ही कल्पना सुचली असं इतोंनी सांगितलंय. चहाची सवलत तिथेच पहिल्यांदा धोक्यात आली.

2003 मध्ये ही दोन्ही घराणी एकाच कंपनीच्या छपराखाली आली. भांडण मिटलं नाही, नुसतं एका घरात आलं.

[पडद्यावर: ज्वाळा, पंख, किंकाळी. 'फायनल फँटसी 16'.]

जून 2023. फायनल फँटसीच्या सोळाव्या भागाने चौकट काढूनच टाकली. तलवार, उडी, हुलकावणी, सगळं तुमच्या बोटांच्या वेगावर. लढाया रचायला रिओता सुझुकी होते, जे त्याआधी कॅपकॉममध्ये 'डेव्हिल मे क्राय'सारख्या धावत्या गेमवर काम करत. निर्माते नाओकी योशिदा यांनी कारण स्पष्ट सांगितलं होतं. ते स्वतः यादीतून आज्ञा निवडतच मोठे झाले, त्यातली मजा त्यांना ठाऊक आहे. पण आजच्या तरुण खेळाडूंपैकी अनेकांना आज्ञा निवडण्यात गंमत काय तेच कळत नाही. याच योशिदांनी असंही सांगितलंय की 'जेआरपीजी' (जपानी आरपीजी) हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा तो अनेक जपानी निर्मात्यांना हिणवल्यासारखा वाटला होता. त्यांच्या लेखी ते साधे आरपीजीच बनवत होते.

आठवड्याभरात सोळाव्या भागाच्या तीस लाख प्रती गेल्या. डोळे दिपवणारा गेम आहे, यात वाद नाही. पण त्यात एक अंगठी आहे. ज्यांची बोटं तेवढी चपळ नाहीत त्यांनी ती घालायची. शत्रूचा वार अंगावर येताना काळ संथ होतो आणि बाजूला व्हायला फुरसत मिळते. चौकट दारातून हाकलली, तिची फुरसत अंगठी होऊन खिडकीतून आत आली.

2020 च्या 'फायनल फँटसी 7 रीमेक'मध्ये तर हे अधिक उघड दिसतं. तिथे तुम्ही धावता, वार करता, काटा भरता; आणि तो भरल्यावर यादी उघडली की सगळा रणसंग्राम जवळजवळ थिजतो. ठिणग्या हवेत तरंगतात. तुम्ही निवांत मंत्र निवडता. मला विचाराल तर ही त्या घराण्याची गेल्या वीस वर्षांतली सर्वांत हुशार तडजोड आहे.

[पडद्यावर: योकोहामासारखं दिसणारं शहर. नदीकाठ, भंगार, झोपड्या.]

आता एक उलटी गोष्ट. आणि ही माझी सर्वांत आवडती.

सेगाची 'याकुझा' मालिका म्हणजे हाणामारी. टोकियोच्या रंगेल वस्तीत सायकल उचलून गुंडाच्या डोक्यात घालायची, असा मामला. 1 एप्रिल 2019 ला निर्मात्यांनी एक व्हिडिओ टाकला: गुंड रांगेत उभे, नायक रांगेत उभा, मध्ये आज्ञांची यादी. लोक पोट धरून हसले. एप्रिल फूल. काही महिन्यांनी कळलं की खरा एप्रिल फूल हसणाऱ्यांचा झालाय. जानेवारी 2020 मध्ये आलेला मालिकेचा सातवा भाग खरोखरच डावांवर चालणारा होता.

तो चालला याचं कारण त्यातला नायक, कासुगा इचिबान. अठरा वर्षं तुरुंगात काढून बाहेर आलेला, केसांचं टोपलं झालेला चाळिशीतला माणूस. ज्याच्यासाठी तुरुंगात गेला त्यानेच त्याला गोळी घातली. शुद्ध येते ती बेघरांच्या वस्तीत. आणि हा गृहस्थ लहानपणापासून 'ड्रॅगन क्वेस्ट'चा वेडा आहे. गेममध्ये तो हे नाव घेऊन सांगतो. जमिनीत रुतलेली बेसबॉलची बॅट तो दगडातली तलवार उपसावी तशी उपसतो. लढाई सुरू झाली की समोरचा दारुडा त्याला राक्षस दिसायला लागतो. म्हणजे डाव पाळणं हा इथे गेमचा नियम राहत नाही. जगाकडे बघायची ती एका माणसाची तऱ्हा होते.

ड्रॅगन क्वेस्टमध्ये पेशा बदलायला देवळात जावं लागतं: योद्ध्याचा मांत्रिक, मांत्रिकाचा पुजारी. इचिबान कुठे जातो? 'हॅलो वर्क'मध्ये. हे जपानचं खरंखुरं सरकारी रोजगार केंद्र आहे. तिथल्या खिडकीवर उभं राहून तो पेशा बदलतो. अख्खा देश, त्याची बेकारी, त्याचं बालपण, सगळं त्या एका विनोदात आहे.

[पडद्यावर: लाल, काळा, पांढरा. तिरकी अक्षरं.]

'पर्सोना 5' ने, 2016 मध्ये, चौकटीला हात घातला तो वेगळ्याच बाजूने. दिग्दर्शक कात्सुरा हाशिनो. डाव तेच, पण यादीत बोट फिरवणं गेलं. एकेका बटणावर एकेक कृती. दाबलं की कॅमेरा झेपावतो, अक्षरं कात्रीने कापून फेकल्यासारखी पडद्यावर येतात. थांबलेला क्षणसुद्धा उसळता वाटतो.

त्याहून खोल बदल मात्र याच मालिकेच्या 2006 च्या तिसऱ्या भागातला: कॅलेंडर. दिवसा शाळा, संध्याकाळी एकच गोष्ट करता येते. अभ्यास, की मैत्रिणीला भेटणं? निवडा, दिवस संपला. राक्षसासमोरची यादी उचलून त्यांनी पोराच्या आयुष्यासमोर ठेवली. हाशिनोंच्याच 2024 च्या 'मेटाफर'मध्ये किरकोळ शत्रू चालता चालता झोडता येतात आणि तगडे समोर आले की डावांची बैठक बसते. पहिल्याच दिवशी दहा लाख प्रती विकल्या गेल्या.

जुनं रूप जपण्याचंही एक तंत्र आहे, 2018 च्या 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर'पासूनचं: ठोकळ्यांची जुनी पात्रं, पण भोवती खरा वाटणारा उजेड आणि पाणी. दिसतं सुरेख. कधी कधी जुन्या फोटोला सोनेरी चौकट घातल्यासारखं नुसतंच सुरेख. त्याच तंत्राने 2024 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट 3' पुन्हा आला आणि त्यात लढाईचा वेग तीन पायऱ्यांत वाढवायची सोय दिली. सवड हेच ज्याचं वैभव, तो गेमसुद्धा आता घाईवाल्यांना नाही म्हणत नाही.

[पडद्यावर: पॅरिससारखं वितळलेलं शहर.]

एप्रिल 2025 मध्ये या भांडणात एक तिसराच माणूस पडला. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला तीसेक जणांचा मूळ चमू, जपानी आरपीजी खेळत वाढलेला. त्यांचा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन 33' डावांवरच चालतो; फक्त शत्रूच्या डावात तुम्ही नेमक्या क्षणी बटण दाबून वार चुकवायचा. 33 दिवसांत 33 लाख प्रती, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेमचा मान. 'डावांना नवं जीवन दिलं' म्हणून खूप कौतुक झालं. झालं ते योग्यच, पण नेमकं बटण दाबायची ही युक्ती 1996 च्या 'सुपर मारिओ आरपीजी'मध्येही होती, आणि तो गेम स्क्वेअरनेच बनवला होता. आपल्याच घरातलं लोणचं शेजाऱ्याच्या ताटात चाखून बघावं तसं जपानी खेळाडूंना झालं असेल.

शिवाय, चहा? तो निम्माच परत मिळाला. स्वतःच्या डावात निवांत प्या. शत्रूच्या डावात कप खाली ठेवा.

[पडद्यावर: काळोख. मंद ज्वाळांत एक बोधचिन्ह.]

27 मे 2021. ड्रॅगन क्वेस्टला पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी होरींनी बाराव्या भागाची घोषणा केली, आणि आज्ञा निवडून लढायची पद्धत यात बदलणार असल्याचं सांगितलं. चौकट ज्याने मांडली तोच आता तिला हात लावणार होता. त्याच सप्टेंबरमध्ये सुगियामा गेले. 1 मार्च 2024 ला तोरियामा गेले. त्या मे महिन्यात होरींनी लिहिलं की बारावा भाग या दोघांची शेवटची कामगिरी ठरेल, आणि तो तिला शोभेल असाच व्हायला हवा.

तिघांपैकी आता एकटे होरी उरलेत, सत्तरी ओलांडलेले.

[पडद्यावर: काळी चौकट, पांढरी कड. शब्द अजून आलेले नाहीत. बाण लुकलुकतोय.]