मोलकरणींची सभा आणि कॅमेरा

(लॉ कॉलेज रस्ता, सकाळ. फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रवेशद्वार.)

कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या 'प्रभात' फिल्म कंपनीच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पुण्यातच जन्मलेल्या दिग्दर्शिका अरुणाराजे पाटील तेथे संकलन शिकून बाहेर पडल्या. स्त्रियांनी स्वतंत्रपणे केलेल्या चित्रपटांचा माग मात्र या आवाराबाहेर, वस्त्यांमध्ये आणि मोलकरणींच्या सभांमध्ये घ्यावा लागतो.

पुण्यातील मोलकरणी पगारवाढीसाठी आणि हक्काच्या सुट्टीसाठी संघटित होत असताना, माहितीपटकार दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'युगांतर' या गटाने १९८१ मध्ये 'मोलकरीण' हा सुमारे पंचवीस मिनिटांचा माहितीपट केला. सोळा मिलिमीटर फिल्मचे चारशे फुटी रीळ अवघी अकरा मिनिटे चालते. बाई मोकळेपणाने बोलू लागेपर्यंत कॅमेरा चालू ठेवणे परवडणारे नव्हतेच. त्यामुळे आधी भरपूर बोलायचे, काय दाखवायचे ते त्या बायकांसोबत ठरवायचे आणि मगच रीळ चढवायचे, ही या गटाची रीत होती. त्यात काटकसर होती, तसा विचारही होता.

(वस्तीतील अरुंद बोळ. सार्वजनिक नळावरील रांग.)

दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांची वाट निराळी होती. त्यांनी चित्रपटाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत आणि दलित स्त्रियांच्या आयुष्याचा अभ्यास करत असताना, ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांनाच ते वाचता येत नाही, ही अडचण त्यांना छळू लागली. त्यातून १९८५ मध्ये वस्तीतील एका कष्टकरी स्त्रीवरचा 'बाई' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'दोघी'पासून सुवर्णकमळ मिळवणाऱ्या 'कासव'पर्यंत मजल मारली. पुरस्कारांची यादी बरीच लांब आहे, ती येथे वाचून दाखवत नाही. पटकथा त्या अखेरपर्यंत स्वतः लिहीत राहिल्या, हे अधिक महत्त्वाचे वाटते.

याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थिनी पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटाला २०२४ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा साहजिकच कानची झाली. या चित्रपटातील पार्वती मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करते आणि वर्षानुवर्षे राहत्या घराचे कागद नसल्यामुळे तिला कोकणात परतावे लागते. ही व्यक्तिरेखा 'मोलकरीण'मधल्या बायकांना अनोळखी वाटली नसती.