अधेली, पावली, चवली, आणा

(दृश्य: सकाळ. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. ओसरीत छतापर्यंत कापूस.)

खेडा खरेदीवाला आला. अंगणात काटा मांडला, बटण दाबलं. काचेत क्षणभर सगळे लाल आठ उमटले, मग शून्य.

"थांब ना बापू. पुन्ना चालू कर. आठ पाहू दे."

"आबाजी, काट्यावर शिक्का हाये."

"शिक्का काट्याले हाये, दिव्याले नाही."

आबाजींचा मुद्दा बिनतोड आहे. काचेतला प्रत्येक आकडा सात पट्ट्यांचा, आणि सातही पेटतात त्या फक्त आठात. डावीकडची वरची पट्टी मेली, तर 9 चा 3 दिसतो. 39 किलोचं गाठोडं 33 वाचलं जाईल. काटा खरा, तरी सहा किलो कापूस गेला.

(दृश्य: पत्र्याची पेटी. आबाजींच्या तळहातावर चार जुनी नाणी.)

कोणत्या पट्ट्या पेटवायच्या? पॉलिटेक्निकची पोरं हे 7447 नावाच्या चिपवर शिकतात. तिच्यात आकडा चार तारांवरून येतो. तारेत वीज असेल तर 1, नसेल तर 0. तारांची किंमत ठरलेली: 8, 4, 2, 1.

आता ही नाणी पाहा. अधेली आठ आण्यांची, पावली चारची, चवली दोनची आणि आणा. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, तोवर बाजार यांच्यावरच चालायचा. प्रत्येकी एकच नाणं घ्या, 1 ते 15 आण्यांपर्यंत कोणतीही रक्कम जुळते. सात म्हणजे पावली, चवली, आणा: 0111. नऊ म्हणजे अधेली आणि आणा: 1001.

दहा आणेही जुळतात, 1010. पण काट्याच्या या कोडात, म्हणजे बीसीडीत (बायनरी कोडेड डेसिमल: दर आकड्याला चार तारांचं वेगळं घर), ते चालत नाही. दहाला दोन घरं लागतात: 0001 0000. दहा ते पंधराच्या सहा जुळण्या पडीक. शुद्ध द्विमान, म्हणजे फक्त 0 आणि 1 च्या बायनरी पद्धतीत 39 सहा अंकांत मावतो, 100111. बीसीडीत आठ लागतात, 0011 1001. उधळपट्टीच, पण काचेवर माणसाला दहाचाच हिशेब वाचायचा असतो.

हेक्साडेसिमलवाल्यांनी ते पडीक रान वहितीखाली आणलं: दहा ते पंधराला ए ते एफ अक्षरं दिली आणि सोळाचा हिशेब पुरा केला. पिकाच्या पैसेवारीला आजही आणेवारी म्हणणाऱ्या मुलखाला सोळा काही परका नाही.

आजच्या काट्यात हे सगळं एका चिपमधला प्रोग्रॅम उरकतो. पट्ट्या मात्र सातच.

(दृश्य: काटा पुन्हा चालू. आबाजी काचेवर वाकलेले.)

"हां. आता टाक गाठोडं."