काळोख्या फळ्यांना उजेड देताना

श्रोतेहो, नमस्कार. सिएटलच्या आसपास घर घेतलेल्या मंडळींचा एक नेहमीचा हट्ट असतो. बाहेरच्या देवदारी फळ्यांवरचा गडद तपकिरी स्टेन, म्हणजे लाकडाला देतात तो रंग, काढायचा आणि घर मधासारखं उजळ करायचं. आम्हीही तेच ठरवलं. दुकानातून फिकट स्टेनचा डबा आणला, मागच्या भिंतीवर एक हात मारला आणि वाळायची वाट पाहिली. भिंत होती तशीच, काळी!

पारदर्शक स्टेन लाकडात मुरतो. खालचा रंग झाकणं हे त्याचं कामच नव्हे. त्यामुळे फिकटावर गडद चढतं, गडदावर फिकट चढत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक म्हणजे अपारदर्शक स्टेन लावायचा. तो जुना रंग झाकतो, पण लाकडाच्या रेषाही झाकतो. शिवाय देवदारात टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट, तपकिरी द्रव्य, भरपूर असतं. आधी ते अडवणारा प्रायमर लावला नाही, तर फिकट रंगातून चहासारखे डाग वर येतात.

दुसरी वाट जुना स्टेन उतरवण्याची. आम्ही ती धरली, आणि खरं सांगते, कंबरडं मोडलं. स्टेन उतरवणारं रसायन अल्कधर्मी असतं. त्यानं रंग सुटतो, पण लाकूड काळवंडतं. मग फळ्या धुऊन त्यांवर ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी फिरवायचं, की लाकूड पुन्हा तांबूस होतं. अळूनं घसा खवखवतो ना, त्यामागे याच आम्लाचे कॅल्शियमचे स्फटिक असतात! हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. जोराच्या फवाऱ्याचा मोह टाळा. देवदार मऊ असतो, तंतू उपटून येतात. आणि घर 1978 च्या आधीचं असेल, तर घासण्यापूर्वी जुन्या रंगात शिसं आहे का, हे तपासून घ्या.

इथे कोरडे दिवस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर. धुतल्यावर लाकूड आतपर्यंत वाळू द्यायचं. उन्हात तापलेल्या भिंतीला ब्रश लावायचा नाही, सावली सरकेल तसं आपण सरकायचं. नमुना डब्याच्या झाकणावर पाहू नका, आपल्याच भिंतीच्या कोपऱ्यात लावा. फिकट स्टेनमध्ये रंगद्रव्य कमी, म्हणून ऊनही कमी अडतं. दक्षिणेची भिंत पहिली विटणार, हे धरूनच चाला.

आणि तेलाच्या स्टेननं भिजलेल्या चिंध्या! त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, आणि ती आत कोंडली तर काडी न लावता चिंध्या पेट घेतात. आम्ही त्या एकेक पसरून कुंपणावर वाळत घातल्या होत्या. शेजारच्या आजोबांनी रांगेकडे पाहून विचारलं, "आज तुमचा कुठला सण?"