दाराशी थांबून सांगितलेलं दुखणं

श्रोतेहो, नमस्कार.

दवाखान्यात आलेली बाई आधी खोकला सांगते, मग कंबर. औषधाची चिठ्ठी घेऊन उठते आणि दाराशी थांबून हळूच म्हणते, "जरा अंगावरून पांढरं जातंय." खरं दुखणं ते असतं. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल.

या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एक विषाणू असतो, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. एके काळी संशय नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसवर होता. जर्मनीतले हाराल्ड त्सूर हाउझेन मात्र एचपीव्हीचाच माग काढत राहिले. १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांच्या गटाला कॅन्सरच्या गाठींत याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार सापडले. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विषाणूचे प्रकार दोनशेहून जास्त आहेत, काहींमुळे नुसती चामखीळ येते. पण गर्भाशयमुखाचे शंभरातले सत्तरेक कॅन्सर या १६ आणि १८ मुळेच होतात.

हा विषाणू राहतो चपट्या पेशींच्या अस्तरात. फरशीवर फरशी रचावी तशा या पेशी थरावर थर असतात. बारीकशा ओरखड्यातून तो तळाच्या थरात शिरतो, पेशींबरोबर वर सरकतो आणि गळून जातो. बहुतेकींचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकावतं, कुणाला पत्ताही लागत नाही. थोड्याजणींत तो मुक्काम ठोकतो. मग त्याची दोन प्रथिनं पेशीतली राखणच मोडतात. एक 'पी-५३' नष्ट करतं, म्हणजे बिघडलेल्या पेशीला थांबवणारं प्रथिन. दुसरं पेशीच्या वाढीला आवर घालणारं प्रथिन निकामी करतं. पिशवीच्या तोंडाशी दोन तऱ्हेच्या पेशींची शीव आहे, आणि शिवेवर नेमकं त्याला फावतं. टॉन्सिल, जिभेचं मूळ, गुदद्वार, पुरुषाचं लिंग, इथल्या काही कॅन्सरमागेही हाच असतो. आपल्याकडचा गालाचा कॅन्सर मात्र मुख्यतः तंबाखू, गुटखा, मिश्रीचा. तो दोष विषाणूच्या माथी मारू नका.

आता अवघड विषय. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. म्हणून घरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे कुणाचं तरी वाकडं पाऊल?" तसं नसतं. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो, आणि वर्षानुवर्षं गप्प बसूही शकतो. आज चाचणीत सापडला म्हणून तो कालचा, असं कुणीच सांगू शकत नाही. लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. एवढी सवलत फार थोडे रोग देतात, आणि आपण ती लाजेपायी घालवतो.

या सवलतीचं काय करता येतं, ते आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांमुळे जगाला कळलं. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे चार गट केले. एका गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी, दोन गटांना इतर तपासण्या, चौथ्याला नेहमीचीच सेवा. आठ वर्षांनी या कॅन्सरचे मृत्यू मोजले. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. त्या चौसष्टजणी माझ्या मनातून जात नाहीत. त्यांना तपासणीविना का ठेवलं, यावर पुढे टीकाही झाली. पण आज जग एचपीव्हीच्या चाचणीला प्राधान्य देतं, त्यामागे ही गावं आहेत.

या विषाणूवरच्या लशीचंही तसंच. आपल्या देशातल्या एका अभ्यासात मुलींना दोन-तीन डोस द्यायचे होते. २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवावं लागलं आणि अनेकींचा एकच डोस झाला. पुढे दहा वर्षं पाहिलं, तर १६ आणि १८ ची चिवट लागण रोखायला एक डोसही जवळपास तेवढाच पुरत होता. आता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ही लस बनते. नऊ ते चौदा वय सर्वांत चांगलं, कारण लस आधी झालेल्या लागणीवर उपाय करत नाही.

म्हणून लेकीला लस आणि आईला तपासणी. तिशीनंतर एकदा तरी जा. पाळीचे दिवस टाळा. काही मिनिटांचं काम असतं, टाके नाहीत, भूल नाही. सरकारी दवाखान्यात बहुधा सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावून पाहतात. मिनिटभराने पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी होते. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे.

आणि संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसत असेल, तर तपासणीच्या शिबिराची वाट पाहू नका, दुखणं अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर खोकला नंतर सांगा. हे आधी सांगा.

नमस्कार.