पहिल्या गोधडीचा नमुना: आधी शिवणी मोजा

मंडळी, नमुना निवडायचा म्हटलं की आपण चित्र बघतो आणि चांदणीवर मन बसतं. माझं आज एवढंच मागणं आहे: चित्र नंतर बघा. शिवणीला शिवण किती ठिकाणी भिडते आणि किती कडा उरेब, म्हणजे विणीला तिरप्या, कापलेल्या आहेत, ते आधी मोजा.

सगळं अडतं ते मायेपाशी, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडापाशी. गोधडीच्या तुकड्यांना माया पाव इंचच. कपडे शिवायची सवय असलेला हात नकळत जास्त घेतो. दोन्ही तुकड्यांत १/१६ इंच जास्त गेला की शिवणीमागे १/८ इंच गेला. दहा चौकोनांच्या ओळीत नऊ शिवणी, म्हणजे ओळ इंचाहून जास्त आखडली. फाजील माया माणसांनाही मानवत नाही! म्हणून आधी दीड इंची तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर एक इंच भरली तर तुमची माया ठीक. कमी भरली तर सुई किंवा खूण सरकवा.

आता चांदणी. तिला ‘नवशिक्यांसाठी सोपी’ म्हणतात, त्याचा मला खरोखर राग येतो. ती त्रिकोणांची बनते, आणि त्रिकोणाची लांब कड उरेब असते. इस्त्री सरकवली की ती ताणली जाते आणि चौकोन वाकडा होतो. इस्त्री उचलून ठेवायची असते, हे पुष्कळदा कुणी सांगतच नाही. वर माया जरा वाढली की टोक शिवणीत गडप. आठ टोकांपैकी तीन बोथट झाली की नवी शिकणारी बाई स्वतःलाच दोष देते. दोष निवडीचा असतो.

वेळ संपत आलीय, तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगते. पहिला नमुना ‘रेल फेन्स’ घ्या. गडद, मध्यम आणि फिकट अशा तीन रंगांच्या अडीच इंची पट्ट्या जोडा, गडद कडेला. साडेसहा इंचांचा पट्टा होतो. त्याचे साडेसहाचे चौकोन कापा आणि एक आडवा, एक उभा असे मांडा. आडव्याची टोकं उभ्याच्या सलग पट्टीला लागतात, त्यामुळे जुळवायचे ते फक्त चौकोनांचे कोपरे. पट्टा ६⅜ भरला? सगळ्यांत अरुंद पट्ट्याच्या मापाने सगळे चौकोन कापा. चूक तिथेच जिरते.

सहा बाय आठ, म्हणजे ४८ चौकोनांत ३६ बाय ४८ इंचांची गोधडी होते. ४२ इंच पन्ह्यातून एका पट्ट्याचे सहा चौकोन निघतात, म्हणजे आठ पट्टे. प्रत्येक रंगाचं २० इंच कापड लागतं, थोडं जास्तीचं असावं म्हणून २४ घ्या. अस्तर आणि मधला थर चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे कापा. टाके घालताना ते आत ओढले जातात.